चालू ठेवा

हॉस्पिटलच्या औषध विभागाच्या प्रमुख बाईंना सगळे पाठीमागे ‘ब्रेकबाई’ म्हणत. डॉक्टरांनी जोरदार अँटिबायोटिक लिहिलं रे लिहिलं की या विचारणार, कशासाठी, किती दिवस? त्यासाठी त्यांनी एक पिवळी चिठ्ठी काढली होती. औषधाच्या तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिच्यावर कारण आणि औषध बंद करायची तारीख लिहायची, बस्स. तीन महिन्यांत त्या चिठ्ठ्यांवर लोकांनी फक्त फोन नंबर लिहून घेतले.

आणि आज अकराच्या मीटिंगमध्ये मोठे सर ती चिठ्ठीच मोडीत काढणार होते. मोठे सर म्हणजे मुख्य सर्जन, त्यांचा शब्द काळ्या दगडावरची रेघ. बाईंच्या टेबलाच्या काचेखाली मात्र गेल्या वर्षीचा एका शिक्षिकेचा रिपोर्ट होता. बारा औषधांची नावं, आणि बाराही नावांपुढे ‘लागू पडत नाही’. ऊठसूट वाटलेल्या औषधांना जंतू सरावले होते. ती शिक्षिका गेली. तो कागद दिसला की बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला जायची.

साडेदहाला त्या वॉर्डात घुसल्या. एक तरी धडधडीत पुरावा हवा होता. सहा नंबरच्या खाटेवर ट्रकवाले काका मजेत केळं खात होते. अपेंडिक्स फुटलं म्हणून ऑपरेशन झालेलं, ताप चौथ्या दिवशीच उतरलेला, आणि सगळ्यात जपून वापरायचं अँटिबायोटिक इंजेक्शन तेराव्या दिवशीही सलाइनमधून जातंय. बाईंनी फाइल भराभर उलटली. पाचव्या दिवसाच्या पानावर ज्युनिअर डॉक्टरच्या अक्षरात दोनच शब्द होते: ‘चालू ठेवा.’

“हे का?” त्यांनी खाटेशी उभ्या असलेल्या ज्युनिअरला विचारलं.

“सर राउंडला म्हणाले,” ज्युनिअर पुटपुटला.

“कारण?”

“सरांना कारण कोण विचारणार, मॅडम?”

काकांनी केळं खाली ठेवलं. “अहो बाई, ते इंजेक्शनचं नव्हतंच. मला थंडी वाजत होती, म्हणून म्हटलं, पंखा बंद करा. सरांना उकडत होतं. वर बोट करून म्हणाले, चालू ठेवा. तेव्हापासून पंख्यालाही कोणी हात लावत नाही. मी टोपी घालून झोपतो.”

बाईंनी वर पाहिलं. पंखा गरगरत होता. त्यांना हसूही आलं, रडूही आलं. फाइल काखेत मारून त्या जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढल्या. मागोमाग ज्युनिअर.

मीटिंगमध्ये सर म्हणतच होते, “आमच्या औषधाला कारण असतंच. चिठ्ठी कशाला?”

बाईंनी ते पान त्यांच्यासमोर ठेवलं. “मग याचं कारण सांगा, सर.”

सरांनी चष्मा चढवला. दोनदा वाचलं. “हे मी कधी म्हणालो?”

ज्युनिअरचे कान लाल झाले. “म्हणालात, सर. पंख्याबद्दल. मी मान खाली घालून लिहीत होतो. तुमचं बोट पाहिलंच नाही.”

कोणीतरी फिसकन हसलं.

“मग विचारायचं नाहीस?”

“तुम्हाला?” ज्युनिअर म्हणाला.

त्या एका शब्दानं सरांचा चेहरा उतरला. बाईंना जिंकल्याचा आनंद झाला होता, खोटं कशाला बोला, पण त्यांनी फक्त एक कोरी पिवळी चिठ्ठी टेबलावर ठेवली. सरांनी ती पुढे ओढली, तारखेच्या जागी ‘आज’ लिहिलं आणि कारणाच्या जागी बराच वेळ पेन धरून बसले. शेवटी लिहिलं, ‘कारण नव्हतं.’

दुसऱ्या दिवशी राउंडला बाई मुद्दाम दाराशी उभ्या राहिल्या. आठ नंबरच्या खाटेशी सर सवयीनं म्हणाले, “चालू ठेवा,” आणि पुढे निघाले.

ज्युनिअर जागचा हलला नाही. घसा खाकरून म्हणाला, “सर, काय? आणि कधीपर्यंत?”

सर वळले, आणि त्यांनी चिठ्ठीसाठी हात पुढे केला.