मावशीच्या वर्गाचा स्लॅब

मावशीचा नाचाचा वर्ग वरच्या मजल्यावर आणि मामाचं घड्याळदुरुस्तीचं दुकान बरोबर त्याच्या खाली. आजोबांनी घराची वाटणी तशीच केली होती. वर बायकांनी ठेका धरला की खाली मामाच्या टेबलावरचे बारीक स्क्रू जागच्या जागी उड्या मारत, आणि मामा छताकडे बघून जे काही बोलायचा ते घड्याळांनीच ऐकावं.

एका संध्याकाळी छताचा पोपडा सुटला आणि थेट उघड्या घड्याळात पडला. मामा तो पोपडा तळहातावर घेऊन वर गेला आणि मावशीसमोर धरला. मावशीनं वाद घातला नाही. तिनं भाचीला फोन केला.

भाची बांधकामाची इंजिनिअर. ऑफिसात तिला मॅडम म्हणत, पण या घरात ती जन्मापासून छकुली होती. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मावशीच्या विद्यार्थिनी भिंतीला टेकून ओळीनं बसल्या होत्या आणि बसल्या बसल्या नुसते हात हलवत होत्या. त्यात शाळकरी मुली होत्या, तशाच नातवंडं झालेल्या बायकाही. मावशी मधे उभी राहून ताल मोजत होती, पण तिचा चेहरा उतरला होता.

छकुलीनं फरशीचा तुकडा उचकटून पाहिला, हातोडीनं ठोकून आवाज ऐकला, मामाच्या दुकानात शिडीवर चढून भेगा तपासल्या. कुठे कुठे सळ्या उघड्या करून बघितल्या. गंज वरवरचाच निघाला.

"पाडायला लागणार का?" मावशीनं विचारलं.

"नाही. स्लॅब आजारी नाहीये, अशक्त आहे. घरात राहणाऱ्या माणसांसाठी बांधला होता. इतक्या जणी एकदम पाय आपटतील हे कुणाच्या मनातही आलं नसेल. वरची फरशी आणि तिच्याखालचा भर काढून टाकू. तेवढं वजन उतरलं की त्या जागी नव्या काँक्रीटचा पातळ थर टाकू. त्यात पोलादाचे तंतू असतात."

"काँक्रीटमध्ये तंतू?" मामा हसला. "भाकरीत केस निघाल्यासारखं?"

छकुलीनं पर्समधून चिमूटभर तंतू काढून त्याच्या हातावर ठेवले. मामानं सवयीनं डोळ्याला भिंग लावलं. दोन्ही टोकांना वाकवलेल्या बारीक तारा होत्या त्या. तो बराच वेळ बघत राहिला.

"टोकं मुद्दाम वाकवलीत?"

"हो. भेग पडायला लागली की ही तार दोन्ही बाजूंना धरून ठेवते. सहजासहजी निसटत नाही. अशा हजारो असतात, सगळ्या दिशांनी पसरलेल्या."

"कुणीतरी डोकं लावलंय," मामा म्हणाला. त्याच्या तोंडून यापेक्षा मोठं कौतुक कुणी ऐकलं नव्हतं.

काम सुरू झालं. मामाच्या दुकानात छताला लोखंडी टेकू लागले आणि तो त्या जंगलात वाट काढत गिऱ्हाईकांना घड्याळं देऊ लागला. वर मिस्त्रींनी आणि त्यांच्या माणसांनी फरशी उखडली, जुन्या काँक्रीटची पाठ टोचून खरखरीत केली, भोकं पाडून त्यात छोट्या सळ्या चिकटवून उभ्या केल्या, म्हणजे जुना आणि नवा थर एकजीव व्हावा. मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी मामाची हाक ऐकली होती, त्यामुळे त्यांच्या तोंडी छकुलीबाई हेच नाव बसलं. तिनं दोनदा दुरुस्त केलं, मग नाद सोडला.

थर ओतायच्या दिवशी सगळं छान चाललं होतं. अंगणात मिक्सर फिरत होता. तंतूंचे गोळे होऊ नयेत म्हणून मिस्त्री ते मूठमूठ भुरभुरत होते. भरलेली घमेली माल चढवायच्या लिफ्टनं वर जात होती. अर्धी खोली भरली आणि लिफ्टच्या मोटरमधून धूर निघाला.

ऑफिसात छकुलीनं कितीतरी इमारतींचे नकाशे काढले होते, पण स्वतःच्या जबाबदारीवर घेतलेलं हे पहिलंच काम. खोलीच्या मधोमध थर थांबला असता, तर ऐन नाचाच्या जागेतच कच्चा सांधा राहिला असता.

"जिन्यानं न्यायचं म्हटलं तर किती माणसं लागतील?" तिनं मिस्त्रींना विचारलं.

"आहेत त्याच्या तिप्पट, छकुलीबाई. आणि ती आत्ता लागतील."

मावशी अंगणात उभी होती. काम बघायला म्हणून तिच्या वर्गातल्या बायकाही जमल्या होत्या. तिनं पदर खोचला.

"चला गं. जिन्यावर एकेका पायरीला एकेक. लहान मुली अंगणात थांबतील. बाकीच्यांनी ताल धरायचा, डावीकडून घ्यायचं, उजवीकडे द्यायचं. घाई केलीत तर मी आहे."

तार टोचते म्हणून मिस्त्रींनी जाड हातमोजे वाटले. रांग लागली. मावशी खालून मोठ्यानं ताल मोजत होती आणि घमेली हातोहात वर सरकत होती. जिन्याच्या वळणावर एक जागा रिकामी राहिली. तिथं घमेलं अडकायचं.

"दादा," मावशी म्हणाली, "तुझ्या हाताला अजून वळण आहे ना? ये इकडे."

"मला ताल येत नाही."

"दिवसभर टिकटिक ऐकतोस आणि ताल येत नाही?"

मामा आला. पहिली दोन घमेली त्यानं चुकीच्या बाजूला फिरवली, वरच्या पायरीवरची आजीबाई खो खो हसली, मग त्याचे हात बसले. थोड्या वेळानं मावशीचा आवाज बसला तेव्हा ताल मामाच मोजत होता, आणि तोही रंगात येऊन. वर छकुली आणि मिस्त्री गुडघ्यांवर बसून थर पसरत, दाबत, सपाट करत होते. शेवटचं घमेलं भिंतीपर्यंत पोचलं तेव्हा मागचा थर अजून ओलाच होता. कुठंही सांधा नव्हता.

मिस्त्री पाठ सरळ करत म्हणाले, "या बायका पुढच्या कामाला मिळतील का?"

मग ओली पोती पसरून रोज पाणी मारायचं. थर पुरेसा पक्का झाल्यावर टेकू काढले आणि परीक्षेचा दिवस आला. वर पाण्याच्या टाक्या भरायच्या आणि स्लॅब किती वाकतो ते खालून मोजायचं. मोजायचं यंत्र म्हणजे एक गोल तबकडी आणि त्यावर काटा. ते दुकानात लावताच मामानं खुर्ची त्याच्यासमोर ओढली.

"हे माझं खातं," तो म्हणाला.

टाक्या भरत गेल्या. काटा जरासा सरकला, आणखी जरासा सरकला आणि थांबला. छकुली मामाच्या खांद्यावरून बघत होती. तिच्या हिशेबापेक्षा कितीतरी आधीच थांबला होता. दुसऱ्या दिवशी पाणी सोडलं तेव्हा तो मागे मागे येत जवळजवळ मूळ जागी आला.

मामानं भिंग काढलं, डोळे पुसले. धूळ गेली असेल.

"सांग तुझ्या मावशीला," तो म्हणाला, "नाच म्हणावं."

छकुलीला सांगायला जावं लागलं नाही. मावशी दारातच उभी होती.

नवी फरशी बसली त्या संध्याकाळी वर्ग भरला. मिस्त्री बायकोला घेऊन आले होते, आणि तिनं आल्या आल्या वर्गात नाव घातलं. मामानं दुकान लवकर बंद केलं आणि वर येऊन भिंतीशी खुर्ची टाकून बसला. मावशीनं छकुलीला कोपऱ्यातून ओढून पहिल्या ओळीत उभं केलं.

"मला नाही येत गं, मावशी."

"जमीन पक्की आहे ना? मग घाबरतेस कशाला?"

ताल सुरू झाला. सगळ्यांचा उजवा पाय पडला तेव्हा छकुलीचा डावा पडला. शेजारची शाळकरी मुलगी तोंड दाबून हसली. मामा हात वर करून उजवा, उजवा असं दाखवत होता. छकुलीनं पाय बदलला, पुन्हा चुकली, आणि मग हसत हसतच जोरात पाय आपटत राहिली.