वीस खोल्यांत एकही टिकली नाही

सहा नंबरच्या खोलीत लादीवाली मांडी घालून बसली होती आणि समोरच्या कागदावर सही करून मोकळं व्हायला तिचा हात शिवशिवत होता. कागदावर महत्त्वाची अशी एकच ओळ होती: खोली नीट पाहिली, कसलीही तक्रार नाही. तक्रार? या खोलीला नावं ठेवील त्याची जीभ झडेल, असं ती कुणालाही सांगायला तयार होती. फक्त बाथरूमच्या दारात गुंडाळी करून ठेवलेल्या चादरीकडे ती बघत नव्हती.

लादीवाली हे काही तिचं नाव नव्हे. एकोणीस वर्षं तिने हॉस्पिटलच्या लाद्या पुसल्या, म्हणून तिथली माणसं तिला तसं म्हणायची, आणि चिकटलं ते चिकटलंच. मग नवरा गेला. मग ज्या इमारतीत भाड्याने राहत होते ती पाडली. मग हॉस्पिटलने सफाईचं काम दुसऱ्या कंपनीला दिलं. माणूस रस्त्यावर यायला एवढं पुरतं. ज्यांना वाटतं की याहून जास्त काही लागत असेल, त्यांनी आपल्या घराची किल्ली एकदा खिशात चाचपून बघावी. अडीच वर्षं ती बसस्टँडच्या बाकावर झोपली, उशाला पिशवी आणि पिशवीचा पट्टा मनगटाला.

अकरा वर्षांची लेक मात्र तिने बाकावर आणली नाही. पोरीची छाती नाजूक, जरा ओल लागली की खोकला आणि खोकल्यामागून ताप. ती नणंदेकडे राहायची. नणंद तोंडाची फटकळ, पण मनात काळंबेरं नाही. तिने एकच अट घातली होती, "वहिनी, कोरडी जागा दाखव आणि लेक घेऊन जा. ओलीत मी पोरीला टाकणार नाही, मग तू रुस नाहीतर रड." आणि आज दुपारी तीन वाजता नणंद लेकीला घेऊन जागा बघायला येणार होती.

आता या खोल्यांचं सांगते. यांच्या मागेच बावीस मजली इमारतीचं काम संपत आलेलं. जिथे सिमेंटच्या गोण्या आणि सळया पडायच्या, तो तुकडा मोकळा झाला. शहरातल्या बिल्डर मंडळींची बैठक झाली, रस्त्यावर झोपणाऱ्यांसाठी आपण काही करायचं की नुसती भाषणं ठोकायची, असं तिथे कुणीतरी विचारलं, आणि ही इमारत बांधणाऱ्या शेठने हात वर केला. तेच गवंडी, तीच फरशी, तेच नळ घेऊन त्याने वीस खोल्या उभ्या केल्या. प्रत्येकीला बाथरूम, ओटा, खिडकी आणि आतून लागणारी कडी. बाकीचे बिल्डर म्हणाले, तुझं जमलं तर आणखी पाच जागांवर आम्ही बांधतो. ते सगळे बघायला येणार होते, तेही आजच, तेही तीनलाच.

लादीवाली राहायला येऊन आठ दिवस झाले होते. पहिल्याच दिवशी फोरमन येऊन प्रत्येकाच्या हातात लाल गोल स्टिकरचा एकेक रोल देऊन गेला. कामावरची माणसं त्यांना टिकल्या म्हणायची. घरात जिथे खोट दिसेल तिथे टिकली चिकटवायची, मग कारागीर येऊन ती दुरुस्त करतात, आणि सगळं मनासारखं झालं की कागदावर सही. सही झाली की पुढचं ज्याचं त्याने बघायचं. मागच्या उंच इमारतीतही हीच पद्धत.

लादीवालीने तो रोल डब्यात टाकून वर झाकण लावलं होतं. त्याला कारण होतं. बाकाच्या आधी तीन महिने ती एका निवाऱ्यात होती. तिथे नळ गळायचा, तिचं अंथरूण भिजायचं, म्हणून एकदा तिने व्यवस्थापकाला सांगितलं. "फुकटात राहायचं आणि वर नखरे," तो म्हणाला. पुढच्या आठवड्यात तिच्या खाटेवर दुसरीच बाई झोपलेली. त्या दिवसापासून तिने तोंडाला कुलूप घातलं ते घातलंच.

आणि इथे बाथरूममधलं पाणी जाळीकडे जात नव्हतं. अंघोळ केली की ते सरळ दाराकडे निघायचं, उंबरा ओलांडून खोलीत, गादीपर्यंत. एकोणीस वर्षं लाद्या पुसलेल्या बाईला ते पहिल्या तांब्यातच कळलं. ती रोज पहाटे उठून पुसायची, चादर पिळायची, पुन्हा गुंडाळून दारात लावायची. गादी भिंतीला टेकवून उभी करायची. तरी खालून ओल राहायचीच. काय करावं तिने? सांगावं तर खोली जाते, न सांगावं तर लेक येत नाही.

दहा वाजता दारावर टकटक झाली. "कागद झाला का, मावशी?"

हा फोरमन. उंच, वाळका, मान जरा खाली, आणि बोलणं नाकासमोर. म्हणून अख्ख्या कामावर त्याचं नाव ओळंबा पडलेलं. भिंत सरळ आहे का ते बघायला गवंडी दोरीला लोखंडी गोळा बांधून सोडतात, तो ओळंबा. माणूस तसाच होता, कुणाच्या बाजूला झुकणं त्याला जमायचंच नाही.

"झालाच, मिस्त्री. छान आहे सगळं."

"छान," ओळंबा म्हणाला आणि चिडल्यासारखा खाली बसला. "बारा नंबरवाला म्हणतो छान. आठ नंबरचे घड्याळजी म्हणतात फारच छान. वीस खोल्यांत मला एक टिकली दिसली नाही. चाळीस वर्षं बांधतोय मी. मागच्या इमारतीत एकेका घरात शंभर शंभर टिकल्या. एका बाईने तर खिडकीच्या काचेला टिकली लावली, कारण बाहेर कबुतर बसतं. आणि इथे काहीच नाही? मी काय एवढा चांगला कारागीर आहे?"

लादीवालीला हसू आलं, पण तिने ते गिळलं.

"टिकली नाही म्हणजे बघणाऱ्याने बघितलं नाही, नाहीतर बघून गिळलं," तो म्हणाला. मग त्याची नजर बाथरूमच्या दारात गेली. "ती चादर कशाला?"

"सवय आहे."

"कसली सवय?"

ती उठली आणि बाथरूमच्या दारात आडवी उभी राहिली. ओळंबाने तिला बाजूला व्हा म्हटलं नाही. तो तिथेच बसून राहिला, पायातले बूट पुढे करून, आणि हळू म्हणाला, "मावशी, मी आत जाणार नाही. घर तुमचं आहे. पण रोल सगळ्यांना एकाच खोक्यातून वाटलेत, मागच्या इमारतीतल्यांनाही आणि तुम्हालाही. मला तेवढंच माहीत आहे."

लादीवालीच्या डोळ्यासमोर निवाऱ्यातली ती खाट आली. मग लेकीचा खोकला कानात वाजला, तो कोरडा, कुत्र्याच्या भुंकण्यासारखा. तीनला अजून पाच तास होते. तिने चादर पायाने बाजूला सारली, बादलीतून तांब्या भरला आणि बाथरूमच्या मधोमध ओतला.

पाण्याला काही घाईच नव्हती. ते जाळीकडे वळलंसुद्धा नाही. दाराकडे आलं, चपट्या उंबऱ्यावरून खोलीत उतरलं आणि ओळंबाच्या बुटाला लागलं.

ओळंबा बुटाकडे बघत राहिला. आता हा उठेल, कागद उचलेल आणि जाईल, असं लादीवालीने धरूनच ठेवलं. तो उठला, पण भिंतीला कान लावल्यासारखा उभा राहिला आणि बोटाने भिंत ठोकू लागला. "पाइप या भिंतीत," तो पुटपुटला. "पाच आणि सहाच्या मधली भिंत. पाचमध्ये जाळी डावीकडे, सहामध्ये उजवीकडे. आणि आम्ही उतार दिला एकाच दोरीने, सगळ्या खोल्यांना सारखा." त्याने कपाळावर हात मारला. "म्हणजे सम नंबरच्या सगळ्या खोल्या उलट्या. दहाच्या दहा. आणि ही चूक माझी, मावशी, दुसऱ्या कुणाची नाही."

तो तसाच बाहेर पडला आणि आठ नंबरमध्ये गेला. लादीवाली मागोमाग. घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा बाथरूमपुढे खुर्ची टाकून बसले होते आणि खुर्चीखालून गुंडाळलेलं पोतं डोकावत होतं. दहा नंबरमध्ये टॉवेल. बारामध्ये जुनी पँट. चौदामध्ये वर्तमानपत्रांची वळकटी. दहा खोल्या, दहा गुंडाळ्या, आणि आठ दिवस एकानेही तोंड उघडलेलं नाही. ओळंबा शेवटच्या खोलीतून बाहेर आला. "माणसांना एवढं घाबरवतं तरी कोण," एवढंच तो म्हणाला, आणि घण आणायला गेला.

त्याने कुणाला विचारलं नाही. तीन वाजता शेठच्या मागून बिल्डर मंडळी फाटकातून आत आली तेव्हा सहा नंबरमधून दणदण आवाज येत होता आणि अंगणात फुटक्या फरश्यांचा ढीग पडला होता. त्यांच्या मागेच नणंद, एका हाताने लेकीला धरलेलं, दुसऱ्या हाताने नाकाशी पदर.

"मिस्त्री," शेठ म्हणाला. त्याचा चेहरा तापलेल्या तव्यासारखा लाल झाला होता. "आजच? पाहुणे दारात आणि तुम्हाला आजच घण सुचला? कुणी उकरून काढलं हे?"

ओळंबाने तोंड उघडलं. पण त्याच्या आधी लादीवाली पुढे झाली. लेक बघत होती.

"मी काढलं, शेठ. बाथरूमचं पाणी खोलीत येतं. माझी पोर ओलीत आजारी पडते."

"आठ दिवस झाले तुम्हाला. इतके दिवस काय केलंत?"

"पुसलं."

मंडळींतला एक फिसकन हसला आणि लगेच गप्प झाला.

"का सांगितलं नाहीत?"

"सांगितलं की जागा जाते. मी एकदा सांगून बघितलंय." ती थांबली नाही. "शेठ, एक विचारते. त्या मागच्या उंच इमारतीत पाणी असं खोलीत आलं असतं, तर तुम्ही काय म्हणाला असता? पुसा म्हणून?"

तेवढ्यात आठ नंबरचं दार उघडलं आणि घड्याळजी आजोबा बाहेर आले. त्यांनी आपल्या दाराच्या चौकटीवर एक टिकली दाबून बसवली आणि पोतं सगळ्यांसमोर हलवून दाखवलं. बारावाल्याने टिकली लावली. चौदाने लावली. विषम नंबरवाले, ज्यांचं पाणी गुण्यागोविंदाने जाळीत जात होतं, तेही आले. एकाचा नळ गळत होता, एकाचं दार घासत होतं. दोन मिनिटांत अख्ख्या ओळीला गोवर उठल्यासारखं दिसायला लागलं.

शेठने हेल्मेट काढलं आणि टक्कल पुसलं. बोलायला त्याला वेळ लागला, हे सांगायलाच हवं. माणूस पाहुण्यांपुढे उघडा पडला होता.

"रात्रीतून तोडून नवीन केलं असतं," तो म्हणाला. "तिथे असतं तर." मग वळून पाहुण्यांना म्हणाला, "बघायला आलात ना? मग नीट बघा. आपण घर देतो म्हणजे काय देतो ते. मिस्त्री, दहाही तोडा." आणि लादीवालीला, "बाई, त्या कागदावर सही केलीत?"

"नाही."

"करू नका. मी सांगेपर्यंत..." तो अडखळला. "नाही, तुम्हाला पटेपर्यंत करू नका."

लादीवालीला रडू आलं, अगदी सगळ्यांदेखत, आणि तिला त्याची जराही लाज वाटली नाही. नणंद जवळ आली, ढिगाकडे बघितलं, वहिनीकडे बघितलं. "जागा ओलीच आहे," ती म्हणाली. "पण तुला वाचा फुटली हे बरं झालं. फरशी होऊ दे, मग येते. आणि मी स्वतः बघणार, सांगून ठेवते."

सहा दिवस घण, थापी आणि पाण्याची बादली. सम नंबरवाले विषम नंबरवाल्यांकडे झोपले. ओळंबाने या वेळी प्रत्येक खोलीला वेगळी दोरी धरली, आणि प्रत्येक उतारावर लादीवालीकडून तांब्या ओतून घेतला. ती "हं" म्हणाली तरच फरशी बसायची. सोळा नंबरमध्ये ती "उंहू" म्हणाली, तर त्याने मुकाट्याने सहा फरश्या उपटल्या.

सातव्या दिवशी नणंद आली. तिने तांब्या नाही, तीन बादल्या ओतल्या, एकीमागून एक, आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. पाणी गरगरत जाळीत गेलं. तिने उंबऱ्यावर तळवा फिरवला, गादीखाली हात घातला, मग हात पोरीच्या गालाला लावला. "कोरडं आहे," ती म्हणाली, जरा नाराजीनेच, कारण आता पोरीशिवाय तिचंही घर सुनं होणार होतं. "दप्तर बाहेर गाडीत आहे. आण."

ओळंबा दारातच होता. "शेठचा निरोप आहे, मावशी. मागच्या इमारतीतली बाथरूम गिऱ्हाइकांआधी तुम्ही तपासायची. सोमवारपासून, पगारी. आणि बाकीच्या मंडळींनी पाचही जागा बांधायला घेतल्या. पण म्हणाले, उतार आधी त्या बाईंना दाखवा." बोलताना त्याची मान नेहमीपेक्षा ताठ होती.

लादीवाली काही बोलणार, तेवढ्यात खिडकीपाशी गेलेली लेक वळली.

"मिस्त्रीकाका, ही कडी नीट लागत नाही."

मोठ्याने म्हणाली. आईकडे बघून नाही, आवाज खाली आणून नाही. लादीवालीचा हात आपोआप उठला, पोरीला गप्प करायला, अडीच वर्षांच्या सवयीने. मग तो हात डब्याकडे गेला. तिने झाकण काढलं आणि रोल लेकीच्या हातात दिला.

पोरीने टाचा उंचावून कडीवर टिकली चिकटवली. ओळंबाने खिशातून पेचकस काढला आणि "बघू," म्हणत खिडकीशी गेला. नणंद सहीच्या कागदाकडे बोट दाखवून म्हणाली, "आता तरी कर की सही."

"करते ना," लादीवाली म्हणाली आणि कागदाची घडी करून डब्याखाली ठेवली. "कडी लागू दे आधी."