एक्केचाळीस नंबरचा दगड

अरुणराव गोंधळले आहेत असं दृश्य दुबईच्या अल बर्शातल्या त्या फ्लॅटने सव्वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. ज्या गृहस्थाच्या मोज्यांची जोडी कधी चुकली नाही, ते शनिवारी संध्याकाळी अर्धवट बांधलेल्या खोक्यांच्या मधोमध उभे होते आणि बायको काय विचारतेय हेच त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं.

"अहो, शाळिग्राम कुठाय?" लतिकाने तिसऱ्यांदा विचारलं.

"देवांच्या डब्यात असेल."

"डब्यात बाळकृष्ण आहे, अन्नपूर्णा आहे, शंख आहे. शाळिग्राम नाही. सोमवारी दुपारचं फ्लाइट, आणि माझा देव घरात नाही!"

लग्न होऊन दुबईला निघताना तिच्या वडिलांनी तो तिच्या पर्समध्ये टाकला होता. मुठीत मावेल एवढा, काळाभोर, गुळगुळीत. रोज सकाळी ऑफिसला पळण्याआधी ती त्याला अंघोळ घालायची, चंदन उगाळून गंध लावायची. बायकांनी शाळिग्रामाला हात लावू नये म्हणणारी सगळी मंडळी तिकडे राहिली होती, त्यामुळे इथं तिला कोण अडवणार! वडील गेल्याचा फोन आला तेव्हा तिकीट मिळेपर्यंत रात्रभर ती त्याच्यासमोरच बसली होती.

केया दारात आली. त्यांची मुलगी, इथंच जन्मलेली, इथंच नोकरीला लागलेली, म्हणून मागे राहणारी. "दॅट ब्लॅक स्टोन? आय पुट इट इन बाबाज बॉक्स. रॉक्स विथ रॉक्स, ना?"

अरे देवा! अरुणरावांच्या पायाखालची जमीनच सरकली. कारण बाबाज बॉक्स त्याच दिवशी सकाळी रिकामा झाला होता.

अरुणरावांना दगडांचं वेड होतं. ते आणि वसईचा मेल्विन, दोघं बारा हिवाळे सुट्टीच्या दिवशी उत्तरेला, रास अल खैमाच्या डोंगरांत भटकायचे. तिथल्या वाड्यांतून. वाडी म्हणजे आपली चार घरांची वाडी नव्हे बरं का, डोंगरातला कोरडा ओढा. त्या ओसाड रानात एकेकाळी समुद्र होता, त्यामुळे दगड फुटला की आत शंख निघायचा, कधी चकचकीत स्फटिक. घरी आल्यावर अरुणराव प्रत्येक दगडावर पांढऱ्या रंगाचा एक ठिपका द्यायचे, त्यावर शाईने नंबर टाकायचे आणि कुठल्या वाडीत सापडला ते वहीत लिहायचे.

आणि मेल्विनचा एक कायदा होता. जो देश सोडून जाईल त्याने दगड जिथले तिथे नेऊन ठेवायचे. "आपण इकडे गेस्ट, बाबा. गेस्टने टॉवेल न्यायचा नाही," असं तो पहिल्या दिवशीच म्हणाला होता.

तेव्हा शनिवारी सकाळी अरुणराव एकटेच वही घेऊन निघाले आणि साठ दगड ज्याच्या त्याच्या जागी ठेवून आले. शेवटच्या वाडीत, बोरीच्या झाडाखाली, एक्केचाळीस नंबर ठेवला. वहीतल्या साठही नोंदींवर खुणा झाल्या आणि खोक्यात एक दगड उरला. काळा, गोल, वर पांढुरका ठिपका, पण नंबर नाही! अरुणराव बुचकळ्यात पडले. वही पुढून पाहिली, मागून पाहिली. शेवटी, शाई उडाली असेल, नोंद राहिली असेल, अशी स्वतःची समजूत घातली. दिसायला अगदी एक्केचाळीसचा भाऊ, म्हणून त्याच्याच शेजारी ठेवला आणि घरी आले.

"तो रंगाचा ठिपका नव्हता हो," लतिका म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता. "गंध होतं ते. माझं सकाळचं गंध."

अरुणरावांनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. सव्वीस वर्षं ज्या चंदनाच्या वासात त्यांनी चहा प्यायला, ते बोटाला लागूनही त्यांना कळलं नव्हतं. लाज वाटली त्यांना, खरोखर लाज वाटली.

रविवारी फटफटताच मेल्विन गाडी घेऊन हजर. "यल्ला, चला भाभी, देव सापडल्याशिवाय परत यायचं नाही," असं म्हणून त्याने शारजाच्या बाहेरून गाडी जी पळवली ती वाडीतच थांबवली.

बोरीचं झाड होतं. त्याखालचे दगड मात्र जागेवर नव्हते. शनिवारी दुपारनंतर कोणीतरी तिथं सहकुटुंब येऊन कबाब भाजले होते. हाताला लागतील ते दगड रचून दोन चुली केल्या होत्या, चटईच्या कोपऱ्यांवर ठेवले होते, उरलेले पोरांनी लांब फेकले असणार. चुलींतले दगड काजळीने माखलेले. काल त्या वाडीत काळे दगड मोजके होते, आज जिकडे बघावं तिकडे शाळिग्रामच शाळिग्राम!

अरुणराव गुडघ्यांवर बसले. एक दगड उचलायचा, भिंगातून बघायचा, ठेवायचा. थोड्या वेळाने तोच पुन्हा उचलायचा. हा पाहिलेला की न पाहिलेला? बाटलीतलं पाणी टाकावं तर ओला झाल्यावर प्रत्येकच दगड काळा आणि गुळगुळीत. उत्तरेचे सगळे दगड ओळखणारा हा माणूस, पण घरातला एक ओळखता येईना. ऊन चढलं. मेल्विन टोपीने वारा घेत म्हणाला, "अरुण, हा तू तीनदा बघितला." अरुणरावांनी तो चौथ्यांदा बघितला.

अखेर तीन गोल दगड त्यांनी लतिकासमोर मांडले. "यातला एखादा... मला काही समजत नाही. तूच बघ."

लतिकाने एकेक तळहातावर घेतला. तिसऱ्यावरून अंगठा फिरवला, जरा थांबली. नवऱ्याकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर काजळी, विजारीचा गुडघा फाटलेला.

"हाच," ती म्हणाली.

"नक्की?"

"नक्की. खलास. चला घरी."

अरुणरावांचा जीव भांड्यात पडला. परतीच्या ट्रॅफिकमध्येही ते शीळ घालत होते, आणि घरी पोचताच स्वतःच ताम्हन काढून बसले. "मीच अंघोळ घालणार आज." काजळी धुतली जाऊ लागली आणि खालून पांढरा ठिपका दिसला. "गंध! अगं, गंध आहे अजून!"

त्यांनी बोटाने चोळलं. निघेना. नखाने खरवडलं, तरी निघेना. चष्मा लावला. ठिपक्यावर त्यांच्याच सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, एक्केचाळीस.

 त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिला आश्चर्य वाटलेलं दिसत नव्हतं.

"तुला माहीत होतं?"

"अंगठ्याला तुमचा रंगाचा ठिपका जाणवला होता तिथंच."

"मग हाच का म्हणालीस? अजून शोधला असता मी!"

"तुम्ही संध्याकाळपर्यंत तीच चूल उपसत बसला असतात." तिने पदराने डोळे पुसले, पण पाणी थांबेना. "खरं सांगू? मला जायचंच नाहीये हो इथून. तुम्ही रिटायर झालात, व्हिसा संपला, म्हणून जायचं. केयाही व्हिसावरच. देवाला कोण व्हिसा विचारतंय? राहू दे त्याला. आपल्यातलं कुणीतरी कायमचं राहू दे."

अरुणरावांनी दगड हळूच ताम्हनात ठेवला. मग म्हणाले, "पण हा बरोबर नेला तर मेल्विनचा कायदा मोडेल."

"कसा मोडेल? पाहुण्यांनी आपला टॉवेल ठेवलाय ना तिथं!"

रडता रडता तिला हसू आलं. तिने सहाण आणि चंदनाचं खोड त्यांच्यापुढे सरकवलं. अरुणरावांनी आयुष्यात पहिल्यांदा चंदन उगाळलं, जरा पातळच झालं.

"नंबर पुसू का आधी?"

"नको. त्याच्यावरच लावा."

"केवढं लावू?"

"तुमच्या ठिपक्याएवढं," लतिका म्हणाली.