हिरव्या कागदाचा वाद

माझा भाऊ जोसाया आणि त्याचा मित्र पेट्रॉक नँकारो, दोघेही रसायनशास्त्रज्ञ. जोसाया इंग्लंडच्या उत्तरेला लँकेस्टरला, नँकारो पार नैर्ऋत्य टोकाला ट्रुरोला. बावीस वर्षांत भेट जेमतेम चारदा, पत्रं मात्र दर आठवड्याला. वहिनी गेल्यापासून घर मीच सांभाळत होते, त्यामुळे नाश्त्याच्या टेबलावर ती पत्रं मलाही ऐकावी लागत.

त्या हिवाळ्यात वाद पेटला तो भिंतींना लावायच्या हिरव्या कागदावरून. त्याच्या रंगात सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, असतो, हे दोघांनाही मान्य होतं. नँकारोचं म्हणणं, ओलीने बुरशी धरली की तो हवेत उतरतो आणि माणसं मरतात. जोसाया म्हणे, रंगात बांधलेला सोमल भिंत सोडेलच कसा?

"अरे दगडा," नँकारोने लिहिलं, "सोमलापेक्षा तुझं डोकंच घट्ट बांधलेलं आहे."

जोसाया पोट धरून हसला. उत्तरात लिहिलं, "माझी पोर लेटिस तीन वर्षं हिरव्या खोलीत झोपते. ये आणि तिचे गाल बघ."

पुढचं पत्र दोनच ओळींचं होतं. "थट्टा पुरे. पोरीला आजच त्या खोलीतून हलव. वाद मी हरलो असं समज, पण हलव."

"हलवू या ना," मी म्हटलं. "आपलं काय जातं त्यात?"

"हेस्टर, हलवलं तर त्याचं खरं मानल्यासारखं होईल."

मी हट्ट न धरता टेबल आवरायला उठले. ते मला आजही बोचतं.

फेब्रुवारीत सहा वर्षांच्या लेटिसला उलट्या सुरू झाल्या. डॉक्टर आतड्यांचा ताप म्हणाले, अंथरुणातून हलवू नका असं बजावून गेले. अकराव्या दिवशी त्याच खोलीत ती गेली.

दफनाआधी जोसायाने तिच्या केसांची बट कापून ट्रुरोला पाठवली.

"तूच का नाही तपासत?" मी विचारलं.

"माझा हात मला हवं तेच उत्तर काढेल."

तीन आठवड्यांनी पत्र आलं. "सोमल आहे. भरपूर. खोटं लिहावं म्हणून चार दिवस बसलो होतो. तुला खोटं लिहिता येईना."

जोसायाने ते मोठ्याने वाचलं. मग वर जाऊन नुसत्या हातांनी भिंतीवरचा कागद ओरबाडू लागला. नखं सोलली तरी थांबेना.

उन्हाळ्यात दोघांच्या नावाने निबंध छापून आला. लेटिसचा उल्लेख गाळ, अशी नँकारोने विनवणी केली होती. जोसायाने ऐकलं नाही.

नँकारोचं पत्र अजून दर आठवड्याला येतं. तो मुद्दाम काहीतरी चुकीचं लिहितो, वाद निघावा म्हणून. जोसाया उत्तरात लिहितो, "तू म्हणतोस तसंच असेल."