तहकूब सभा, त्याच जागी

रविवार, संध्याकाळचे पाच. धारवाडच्या मळमड्डीतलं आमचं मराठी वाचनालय. वार्षिक सभा. खुर्च्या साठ, माणसं पाच. मला टेबलावर मांडून ठेवलं होतं.

मी या वाचनालयाची नियमावली बोलतेय. चोवीस पानं, बत्तीस नियम. एकसष्ट साली आठ मास्तरांनी तीन रविवार भांडून मला लिहिलं. सगळ्यात जास्त भांडण झालं ते नवव्या नियमावर. काहींना अभ्यासिका फक्त सभासदांच्या मुलांसाठी हवी होती. एक मास्तर म्हणाले, "इथं मराठी वाचणारा भेटतो तेच पुष्कळ. त्याला दारात आणि काय विचारायचं?" म्हणून छापलं गेलं: मराठी वाचणाऱ्या कुणालाही अभ्यासिका खुली राहील.

त्या 'कुणालाही'ला साठ वर्षं कुणी हात लावला नाही. खरं सांगायचं तर मला कुणी उघडलंच नाही. माणसं नियम करताना घसा कोरडा करतात, आणि मग ते कपाटात ठेवून देतात. नको असलेला माणूस दारात आला की मात्र कपाट उघडतात.

आठ महिन्यांपूर्वी माया आली. वडील सत्याप्पा हुबळीला गोकुळ रोडवर लेथ चालवतात. घर एका खोलीचं, माणसं पाच, टीव्ही एक. तिला सरकारी परीक्षा द्यायची होती. सकाळी नऊला ती खिडकीजवळच्या टेबलावर बसायची, ती दिवे लागेपर्यंत.

समितीतल्या लोकांनी आधी तिचं आडनाव विचारलं. मग घर कुठं, ते विचारलं. मग म्हणाले, जागा कमी पडते. बारा टेबलांतली सात रिकामी होती, ती मी कपाटाच्या काचेतून रोज बघत होते. "कुणीही म्हणजे अगदी कुणीही नव्हे," अध्यक्ष सुमंतराव म्हणाले. हा अर्थ मी त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकला.

माझा अकरावा नियम मात्र सगळ्यांना पाठ. वीस माणसं जमली नाहीत तर सभा अर्धा तास तहकूब, मग त्याच जागी पुन्हा भरवायची. तेव्हा असतील तेवढी पुरेत. त्यामुळे पाचला कुणी येतच नाही.

त्या रविवारी पाच वाजून दहा मिनिटांनी सुमंतराव उठले. ग्रंथपाल विमलाक्कांना म्हणाले, "कोण येतंय आता? कुलूप लावा, घरी जावा."

अक्कांनी मला कपाटात ठेवलं. बाहेरून कुलूप लागल्याचा आवाज आला. दार एकच, किल्ली एकच.

सोमवारी सकाळी चिटणीस गुरुप्रसाद डिंकाची बाटली घेऊन आले आणि माझ्या नवव्या नियमावर कागदाची पट्टी डकवली. 'कुणालाही'च्या जागी 'सभासदांच्या पाल्यांनाच'. डिंक ओला असतानाच माया आली.

"तुला आता बसता येणार नाही. नियम बदललाय."

"कधी, सर?"

"काल साडेपाचला. तहकूब सभेत. एकमतानं. अकरा सह्या आहेत."

मायानं मला उचललं, पान खिडकीच्या उजेडात धरलं. पट्टीखालचं 'कुणालाही' स्वच्छ दिसत होतं.

"सभा कुठं भरली?"

"त्याच जागी. इथंच. इतिवृत्तात आहे की, वाच."

विमलाक्का पुस्तकांना कव्हर घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "साडेपाचला किल्ली माझ्या पिशवीत होती की, गुरुप्रसाद. खिडकीतनं चढलात काय सगळे? सुमंतरावांच्या गुडघ्याला झेपलं?"

"होगली बिडी, अक्का, सोडा. वय झालंय तुमचं, आठवत नसेल."

"वय माझं झालंय. कुलपाचं नव्हे."

गुरुप्रसादांनी बाटलीचं झाकण लावलं आणि निघून गेले.

माया आता वाचनालयाच्या बाहेरच्या पायरीवर बसून अभ्यास करते. समोरून रिक्षा जातात, ती कानात बोटं घालून पुटपुटते. परीक्षेला एकोणीस दिवस आहेत. तिनं समितीला लेखी अर्ज दिला. त्यात एकच ओळ: रविवारी साडेपाचला सभा कोणत्या जागी भरली? तो अर्ज बारा दिवस माझ्याच पानांत खोचून ठेवलाय. पोच नाही, उत्तर नाही.

मला साक्षीला कुणी बोलावणार नाही. म्हणून वाचकहो, तुम्हाला सांगते. त्या संध्याकाळी मी आतच होते. सोमवारी सकाळी अक्कांनी कुलूप काढेपर्यंत दार उघडलं नाही, एकही खुर्ची हलली नाही. आणि इतिवृत्तात अकरा सह्या आहेत.