आधी घोडा, मग मधुमती
इंग्लंडात लीड्सपासून तासाभरावरच्या त्या लहानशा गावात मधुमती आणि कमलाकर राहायला आले, आणि सामान हलवताना मधुमतीची जी कंबर धरली ती सुटेचना. शाळेत वर्गावर तिला धड उभं राहता येईना. जीपीने, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरने, गोळ्या दिल्या, फिजिओसाठी नाव घातलं, पण नंबर लागायला महिने होते. शेजारीण म्हणाली, कायरोप्रॅक्टरकडे जाऊन बघा, ते हातानेच मणके बसवतात.

मधुमतीला मात्र पाठीला कुणी हात लावणार म्हटलं की धडकी भरायची. लहानपणी साताऱ्यात एका हाड बसवणाऱ्याने तिच्या मामाचा खांदा कायमचा अधू करून ठेवला होता. जायचंच तर रीतसर नोंदणी असलेल्याकडे, असं तिने बजावलं. कमलाकरने इंटरनेटवर कायरोप्रॅक्टरांची नोंदणी ठेवणाऱ्या कौन्सिलचं रजिस्टर उघडलं. अख्ख्या गावात एकच नाव होतं, हेलन बर्केट.

पत्ता गावाबाहेरच्या एका फार्मचा निघाला. दोघं जरा लवकरच पोचले, तर तबेल्यासमोर पन्नाशीची एक ठेंगणी बाई पेंढ्याच्या गासडीवर उभी होती आणि तिच्यापुढे भलाथोरला घोडा. तीच हेलन. मी घोड्यांच्या पाठीही बघते, हा व्हेटने, जनावरांच्या डॉक्टरने, पाठवलेला घोडा आहे, थोडं थांबाल का, असं तिने विचारलं.

"आपण परत जाऊ या का?" कमलाकर पुटपुटला.

मधुमतीचं लक्षच नव्हतं. घोडा कान मागे पाडून थरथरत होता. हेलनची बोटं त्याच्या मणक्यावरून इतकी सावकाश सरकत होती, जणू अंधारात वाट चाचपतायत. एका जागी ती थांबली. मनगटाची हलकीशी हालचाल झाली, दिसलीही नाही नीट. घोड्याचे डोळे अर्धवट मिटले, खालचा ओठ सैल लोंबला, आणि त्या प्रचंड छातीतून एक लांब श्वास बाहेर आला. मग त्याने मान खाली घातली आणि डोकं हेलनच्या खांद्यावर टेकलं.

मधुमतीच्या अंगावर काटा आला. एवढं बलाढ्य जनावर त्या बाईला एका लाथेत उडवू शकलं असतं.

आत टेबलावर पालथं झोपल्यावर तेच हात, स्वच्छ धुतलेले, तिच्या पाठीवर आले. भीती वाटतेय का, असं हेलनने विचारलं.

"वाटत होती," मधुमती म्हणाली.

हेलनने आपण काय करणार ते आधी सांगितलं आणि मगच हात चालवला. कंबरेत हलकासा टक् झाला. दुखणं काही त्याच दिवशी गेलं नाही, त्याला पुढचे कित्येक आठवडे लागले. पण उठून बसताना मधुमतीला स्वतःचा कणा जाणवला, एकेक मणका, जन्मात पहिल्यांदा. एवढं सगळं आपण अंगात घेऊन हिंडत होतो?

गाडीत कमलाकरने विचारलं, दुखलं का?

"नाही. अहो, जरा वेळ काही बोलू नका," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.