अंगठ्यातली नाकाबंदी

मी एक पांढरी पेशी बोलतेय. जुन्या सोफ्यांना नवं कापड चढवणाऱ्या एका कारागिराच्या अंगात राहते. माणूस हाताचा गुणी, पण त्याच हाताशी असा वागतो की मला कपाळ असतं तर बडवून घेतलं असतं!

माझा जन्म त्याच्या हाडांतल्या मज्जेत झाला. लगेच छातीच्या हाडामागच्या ग्रंथीत शिकायला धाडलं. परका ओळखायचा आणि आपल्यांवर हात टाकायचा नाही, एवढाच अभ्यास. पण नापास झालेलीला तिथेच संपवतात. माझ्याबरोबरच्या बहुतेक जणी तशाच गेल्या. मी सुटले आणि मालकाच्या अंगभर गस्त घालू लागले.

मालकाला एक खोड आहे. बारीक खिळे तो ओठांत धरतो आणि जिभेनं एकेक पुढे काढून ठोकतो. असाच थुंकीनं ओला झालेला खिळा अंगठ्यात घुसला. यानं अंगठा चोखला, पँटला पुसला आणि कामाला लागला. धन्य!

जंतू आत शिरले. एक निरोपी पेशी जंतूचा तुकडा घेऊन काखेतल्या गाठीत आली. मी तिथेच होते. बघताच ओळखलं, हाच तो! माझ्या एकीच्या हजारो झाल्या, काखेतली गाठ सुजून अवधाण आलं. तिकडे अंगठ्यात आमच्या भावंडांनी जंतू गिळत, मरत त्यांची नाकाबंदी केली आणि पूनं भरलेला फोड उठला. मालकानं जरा दम धरायला हवा होता.

"फार ठणकतंय. दाबूनच टाकतो," तो म्हणाला.

"अहो, हात लावू नका. डॉक्टरांकडे जाऊ," बायको म्हणाली.

"एवढ्याशा फोडाला डॉक्टर? गिऱ्हाइकाला सोफा कोण देणार?"

त्यानं शिवायची वाकडी सुई खुपसली आणि जीव खाऊन दाबलं. थोडा पू बाहेर आला, उरलेला जंतूंसकट आत पसरला. "बघ, निघाली घाण!" म्हणे. अरे, ती घाण नव्हती, आमची मेलेली भावंडं होती! फार वाईट वाटलं मला.

मग हातावर लाल रेघ चढली. आम्ही जंतूंना नामोहरम करायला ताप वाढवला, तर हा तापाची गोळी खाऊन पुन्हा सोफ्यापाशी! शेवटी बायकोनं ओढतच दवाखान्यात नेला.

"अजून उशीर केला असता तर अंगठा कापावा लागला असता," डॉक्टर म्हणाल्या. "बरं वाटलं तरी जंतू मारायच्या या गोळ्या संपवायच्या."

आज सूज उतरली आहे. आणि मालक काय म्हणतो? "राहू दे त्या गोळ्या. पुढच्या वेळी होतील."

पुढच्या वेळी! नखाखाली अजून जंतू जिवंत आहेत रे. आम्ही थकलोय. बायको पाण्याचा पेला पुढे धरून उभी आहे. बाई, तू हलू नकोस तिथून.

मालका, हा जंतू आता मला पाठ झालाय. परत आला तर झटकन उठेन. पण राखायला अंगठा तरी शिल्लक ठेव. घे ना ती गोळी!